गठ्ठ्यातला जादा चेहरा

सेगेद शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची दाढदुखी मोजतात, हे ऐकून माझी सासू अजून हसते. "उंदीर सांगतो वाटतं?" सांगत नाही, दाखवतो. जबडा ठणकत असला की डोळे बारीक करतो, गाल आवळतो, मिशा ताठ करतो, आणि सूर्यफुलाची एक बी सोलायला त्याला जन्म लागतो.

आमच्या म्होरक्या एतेल्काबाई. उंदीर उचलण्याआधी तळहात चोळून ऊन करायच्या. "गार हातानं धरलंस तर तो तोंड वाकडं करेल ते तुझ्यामुळे. मग मोजशील काय, कपाळ?"

त्यांचे कायदे तीन. उंदरांचे फोटो बिननावाचे, गठ्ठ्यात मिसळलेले. जो चेहरा हाती येईल त्याला गुण द्यायचेच. डोळे, गाल, मिशा, प्रत्येकाला वेगळे: शून्य म्हणजे बरा, दोन म्हणजे बेजार. आणि जो बेजार निघेल त्याच्यावर त्याच दिवशी उपचार, प्रयोग गेला खड्ड्यात.

मार्चमध्ये बाईंच्या टेबलावरची टरफलं नाहीशी झाली. दिवसभर बिया फोडणारी ही बाई आता पाव चहात बुडवून एका गालानं चघळत होती. दुसरा गाल टम्म फुगलेला.

"बाई, दाढ ना?"

"खिडकीतला वारा लागलाय."

"दातांचा डॉक्टर समोरच्याच गल्लीत आहे."

"असू दे की. मी कुठे त्याला हाकलतेय?"

जन्मभर उंदरांच्या दाढा पाहिलेल्या बाई दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीला घाबरत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पण सूज गळ्याकडे उतरली, अंगात ताप भरला, तेव्हा माझं हसू पळालं. अशा सुजेनं माणूस जातो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी गुपचूप त्यांचा फोटो काढला, केस आणि कान कापून नुसता चेहरा ठेवला आणि छापून गठ्ठ्यात सरकवला.

बाई गुण द्यायला बसल्या. "डोळे, एक. गाल, शून्य." पुढचा फोटो उचलला आणि थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला.

"भवाने, हे काय?"

"गठ्ठ्यात आलंय, बाई. गुण द्यायचेच."

"याला मिशा नाहीत!"

"मग बाकीचं मोजा."

मला वाटलं, फाडून माझ्या तोंडावर मारतील. पण खोटे गुण त्यांनी कधी उंदरालाही दिले नव्हते.

"डोळे, दोन," त्या हळूच म्हणाल्या. "गाल, दोन." मग एकदम भडकल्या, "अगं, या जनावराला असं ठेवलंच कुणी? लाज नाही वाटली?"

"कुणाला वाटायला हवी, बाई?"

बाईंनी उठून कोट चढवला.

समोरच्या गल्लीतल्या दवाखान्यात त्यांचं नाव पुकारलं. बाईंचा चेहरा असा झाला की त्याला गुण देणं मला जमलं नसतं. माझ्याकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला. मी आधी माझे तळहात चोळून चांगले ऊन केले, मग तो धरला.