सातव्या धुराड्यावरच्या गोगलगायी

एका संशोधन संस्थेच्या तळघरात एक गृहस्थ अठ्ठावीस वर्षे नोकरीस होते. त्यांना सर्वजण बरणीमामा म्हणत. समुद्राच्या तळावरून आणलेले आणि स्पिरिटात बुडवून ठेवलेले जीव त्यांच्या ताब्यात होते. बरण्या चार हजारांच्या वर. स्पिरिट हळूहळू उडून जाते. म्हणून रोज एका फळीवरच्या बरण्या उतरवायच्या, पुसायच्या, कमी झालेले स्पिरिट भरायचे आणि झाकण घट्ट करायचे. शेवटची फळी होईतो पहिली पुन्हा तहानलेली असे. पत्नी वारल्यापासून मामांचे बहुतेक बोलणे या बरण्यांशीच होई. त्या उलट उत्तर देत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण, असे ते म्हणत.

माणसांपैकी खाली उतरत त्या फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधक बाई. मामांना सारे त्यांनीच समजावून सांगितले होते. अडीच किलोमीटर खोल, जेथे सूर्याचा किरण पोहोचत नाही, तेथे तळाच्या भेगांतून कढत पाणी वर येते. त्यातले धातू साचून साचून उंच धुराडी उभी राहतात आणि त्यांच्या अंगाखांद्यावर जीव वस्ती करतात. एका गोगलगायीच्या पायाला तर लोखंडाचे खवले असतात. धातू म्हटल्यावर खाणवाल्यांची नजर तेथे पोहोचलीच. पाचवे धुराडे आधीच संरक्षित झाले होते. सातवे खणण्याचा परवाना खाणवाल्यांनी मागितला होता आणि त्याची सुनावणी सोमवारी होती.

बुधवारी बाई जवळजवळ धावतच जिना उतरल्या.

"मामा, सापडलं! सातव्याच्या बरणीतल्या चारही गोगलगायी लहान, काळ्या खवल्यांच्या. पाचव्याच्या बरणीत तशी एकही नाही. म्हणजे ही जात फक्त सातव्यावर आहे. ते खणलं की जातच संपली! आता बघते कसा देतात परवाना."

"अरे वा," मामा म्हणाले.

"एवढंच? आणि तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

"स्पिरिटाचा वास चढलाय."

अठ्ठावीस वर्षांत त्या वासाबद्दल मामांनी एकदाही तक्रार केली नव्हती. आनंदाच्या भरात बाईंच्या ते ध्यानात आले नाही.

झाले होते ते असे. अकरा वर्षांपूर्वी सातव्याच्या बरणीचे झाकण तडकले आणि त्याच दिवशी इस्पितळातून फोन आला. जीव सुकू नयेत म्हणून मामांनी घाईघाईने ते पाचव्याच्या बरणीत ओतले. उद्या वेगळे करू, असे ठरवले. तो उद्या सतरा दिवसांनी उगवला. मामा परतले तेव्हा घरात दुसरे कोणी उरले नव्हते. बरणीत पंधरा गोगलगायी होत्या. कोणती कुठली, हे देवालाच ठाऊक. नोंदवही सांगत होती, सातव्याच्या चार. मामांनी चार लहान, काळ्या तेवढ्या वेचून नव्या बरणीत घातल्या. मोठ्यांत मोठ्या, लहानांत लहान, दिसायला नीटनेटके. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही, कारण त्या आठवड्यात त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

बाईंना सापडलेला फरक समुद्राने केलेला नव्हता. तो मामांच्या चिमट्याने केलेला होता.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी दूरदेशी असलेल्या लेकीला फोन केला.

"बाबा, गप्प बसा. चांगल्यासाठीच चाललंय ना सगळं?"

"पण खोटं आहे गं."

"खोटं कुठे? नक्की माहीत नाही, एवढंच. खरंही असेल कदाचित."

"बाई 'कदाचित' म्हणत नाहीत. 'फक्त सातव्यावर' म्हणतात. शपथेवर सांगणार आहेत."

"मग सांगा जाऊन. ती एकच बाई तुमच्याशी बोलते, तीही बोलायची बंद होईल. मग मला फोन करून रडू नका."

"मी कधी रडलो?"

लेकीने, जेवलात का, असे विचारले.

शुक्रवारी मामा तिसरा मजला चढले. बाई कागदांचे गठ्ठे बांधत होत्या.

"बाई, त्या गोगलगायी मी निवडल्यात."

"निवडल्यात म्हणजे?"

मामांनी उभ्या उभ्या सगळे सांगितले.

"अकरा वर्षं, मामा! अकरा वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचं!" मग एकदम, "नोंदवहीत रंग लिहिलाय?"

"नाही. नुसता आकडा."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे पाचव्यावरच्या असतील, सातव्यावरच्या असतील, दोन्हींवरच्या असतील. आणि बघायला जहाज जाणार दोन वर्षांनी."

"मी लिहून देतो."

"द्या," बाई म्हणाल्या. त्यापुढे नेहमीचे 'मामा' लागले नाही.

सोमवारी बाईंनी ते निवेदन परवाना देणाऱ्या मंडळापुढे ठेवले आणि जहाज जाऊन येईपर्यंत खणू नये, एवढीच विनंती केली. मंडळाने थांबण्यास नकार दिला. हे मामांना मंगळवारी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून कळले. "तुमचं ते धुराडं गेलं म्हणे," तो म्हणाला आणि दुसऱ्याच्या गाडीसाठी अडसर उचलू लागला.

त्या आठवड्यात बाई खाली आल्या नाहीत. पुढच्याही नाही.

एके दुपारी, फळीची पाळी नसताना, मामांनी ती बरणी उतरवून दिव्यासमोर धरली. चारही गोगलगायी तळाला टेकून होत्या. त्यांतली एखादी तरी सातव्याची असावी, असे त्यांना फार वाटले. पण ते नोंदवहीत लिहिता येण्याजोगे नव्हते. त्यांनी स्पिरिट पाहिले. ते पुरेसे होते.