चोरओटी

गंगेवरच्या बाजारात कैरीचा वास आला, की मला माझा शहाणपणा आठवतो. वीसेक वर्षांपूर्वी सून सकाळी सकाळी ओकाऱ्या काढू लागली आणि मी, साऱ्या गल्लीतली अतिहुशार सासू, कैऱ्या, हिरवी साडी न् नारळ घेऊन आले. कुणाला कळायच्या आत चोरओटी भरायची, म्हणून दार लोटून तिला पाटावर बसवलं. तिने मुकाट पदर पसरला. "लबाडे, सासूपासून लपवतेस होय?" नारळ न् कैऱ्या तिच्या पदरात घालत मी म्हटलं. तेवढ्यात मुलगा आला. "आई, अगं थांब! डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तिच्या पोटात फुगा बसवलाय, त्याच्याच उलट्या आहेत. वजन उतरलं तर मूल राहील म्हणालेत." माझं तोंड एवढंसं झालं. नारळ उचलायला हात पुढे केला, तर सुनेने पदर पोटाशी घट्ट धरला. "राहू द्या ना, आई. खोटी का होईना, भरलीय ना!" पुढे फुगा निघाला, वजनही उतरलं, मूल मात्र राहिलं नाही. आता लेकीची पोरं "आजी, आजी" करत धावत आली, की मी आधी सून कुठे आहे ते बघते.