बाबांच्या आवाजाचे चार वाटे

कंपन्यांनी आपल्या संगणकातल्या गुप्त किल्ल्या कशा सांभाळाव्यात, हे सांगायचा मला पगार मिळतो. म्हैसुरात बसून मी अर्ध्या जगाला शहाणपण शिकवतो. त्यातलं थोडं घरच्यांनाही द्यावं, अशी दुर्बुद्धी मला झाली.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढायचं होतं. लष्कर मोहल्ल्यात आमचा कापड रंगवायचा कारखाना होता, तेव्हा हा माणूस या टोकाला ओरडला की त्या टोकाचा कामगार दचकून रंग सांडायचा. तो आवाज आता जाणार, म्हणून आदल्या आठवड्यात मी त्यांना चार तास बोलतं केलं आणि रेकॉर्ड केलं. इथपर्यंत मी मुलासारखा वागलो. पुढे माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला.

हल्ली भामटे माणसाचा आवाजही चोरतात. म्हणून मी ती फाइल कुलूपबंद केली, मूळ प्रत पुसली आणि किल्लीचे चार भाग केले. प्रत्येक भाग म्हणजे वीस इंग्रजी शब्दांची एक चिठ्ठी. कुठल्याही तीन चिठ्ठ्या एकत्र आल्या तर कुलूप उघडतं. दोनच असल्या तर काडीचाही उपयोग नाही. अख्खी किल्ली कुणाकडेच ठेवायची नाही, माझ्याकडेसुद्धा. या गणिताचं सौंदर्य मी जेवताना बायकोला समजावून सांगितलं. तिने सांबार वाढू का विचारलं.

एक चिठ्ठी मी ठेवली, एक दादाला दिली, एक हुणसूरला ताईकडे आणि एक बेट्टदपुरला आत्याकडे पाठवली. ऑफिसात आम्ही या तुकड्याला 'शेअर' म्हणतो. घरी मात्र मराठीचा अभिमान उफाळून आला. एरवी आमच्या स्वयंपाकघरातली मराठी निम्मी कानडी असते; त्या दिवशी मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'हा तुझा वाटा. नीट जपून ठेव. कुणालाही दाखवू नकोस.' आणि स्वतःवर खूश झालो.

ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. बाबा पाटीवर लिहून बोलायला सरावले होते. एका सकाळी त्यांनी लिहिलं, 'मला माझा आवाज ऐकायचाय.'

मी ताईला फोन लावला.

"अय्यो, तो वाटा होय! माहेरचा वाटा घेऊन मी काय करू रे? मला बेडा, नकोच म्हटलं आणि फाडून टाकला. हक्कसोडीचा कागदपण दादाकडे पाठवलाय की."

"अगं, आतले शब्द वाचलेस तरी का?"

"इंग्रजी होतं ना. कोर्टाचं काहीतरी असेल, म्हटलं."

दादाने कपाटातून तो कागद काढला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. "मला वाटलं, बाबा आजारी पडल्याबरोबर तू वाटणीला उठलास," तो म्हणाला. तीन महिने तो माझ्याशी तुटक का बोलत होता, ते तेव्हा कळलं. त्याची चिठ्ठी मात्र शाबूत होती.

उरली आत्या.

"भावाच्या घरचा वाटा मला कशाला रे? गुडघे धरत धरत डोंगर चढले आणि देवळातल्या दानपेटीत, देवाच्या हुंडीत टाकला. आयतु, झालं, आता तो बघून घेईल."

देवळात चौकशी केली. हुंडीत नवसाच्या चिठ्ठ्या ढिगाने निघतात आणि त्या नदीत सोडतात, असं सांगण्यात आलं.

माझी व्यवस्था अगदी चोख निघाली. चोराला फाइल उघडता आली नाही, आणि आम्हालाही नाही. आमच्या घरातल्या बायका फार चांगल्या आहेत, याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

बाबांना सांगणं भाग होतं. मी कागदावर चार चौकोन काढले, प्रत्येकात नाव लिहिलं, तीन का लागतात ते समजावलं आणि दोन चौकोनांवर काट मारली. मला रडू येत होतं, तरी बोलत राहिलो. बाबा तो कागद बराच वेळ बघत होते. चारही नावांवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं. मग पाटी ओढून लिहिलं, 'आवाज माझा. मला का नाही दिलास एक?'

माझा, दादाचा आणि त्यांचा. तीन झाले असते.