स्विचच्या खोलीतले सर

“चूक कोणाची?” असं विचारून सर तर्जनी एन्टरच्या बटणावर ठेवायचे, पण दाबायचे नाहीत. समोरचा माणूस “माझी” म्हणाला की मगच बोट खाली जायचं आणि त्याच्या टेबलावरचं नेटवर्क परत सुरू व्हायचं. तुमच्याही कचेरीत असा एखादा गृहस्थ असेल. नसेल तर तुम्ही नशीबवान.

जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो आणि सर नेटवर्क. त्यांची खोली काचेची, आत एसी दिवसभर फुल्ल. बाहेर भट्टीपाशी माणसं घामाने निथळत असायची आणि सर आत राखाडी स्वेटर घालून बसलेले. मे महिन्यात स्वेटर घालणारा जालना जिल्ह्यातला हा एकच माणूस असावा. ते मूळचे राजूरकडचे. कारखान्यात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, आणि पाठीमागे ज्या नावाने मारत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांचं दैवत त्या खोलीच्या मधोमध होतं. कमरेएवढं उंच एक काळं कपाट. अख्ख्या कारखान्याचं नेटवर्क जोडणारे स्विच आणि राउटर दोन्ही त्यातच. त्याला खण होते आणि खणाखणात कार्डं, म्हणजे सर्किटच्या पाट्या, सरकवलेली. वजनकाट्याचं एक, ऑफिसचं एक, भट्टीच्या मोजमापाचं एक. काम वाढलं की नवं कार्ड आणून रिकाम्या खणात बसवायचं, अख्खं मशीन बदलायला नको. वीज देणारी खोकी दोन, एक जळालं तरी दुसरं चालू. मुख्य कंट्रोल कार्डाच्या शेजारी तसंच एक राखीव कार्ड, मुख्य गेलं तर कारभार क्षणात आपल्याकडे घेणारं. रस्त्याच्या कामात जेसीबीने एक केबल तोडली, तर मशीन स्वतःच दुसरी वाट शोधायचं.

या सगळ्या सोयींत सरांना सगळ्यांत प्रिय सोय एकच. खुर्चीतून न उठता कुणाच्याही टेबलाचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कची जोडणी, बंद करता यायचा. अकाउंट्सच्या एकाने सकाळी नमस्कार केला नाही, पोर्ट बंद. कँटीनमध्ये कुणीतरी स्वेटरवर विनोद केला, बंद. मग तो माणूस उन्हातून अख्खं आवार तुडवत काचेच्या दाराशी यायचा. सर त्याला उभा ठेवायचे, स्क्रीनवर काहीतरी वाचत बसायचे आणि सावकाश मान वर करायचे. मीही गेलोय. त्यांच्या मशीनचा पंखा मागवायला उशीर झाला होता. “माझी,” म्हणालो आणि परत आलो. पोट असतं माणसाला.

मशीनशी मात्र हा माणूस वेगळाच वागायचा. खंडेनवमीला कारखान्यातल्या पान्याहातोड्यांनाही झेंडूचा हार पडायचा. सर आपल्या खोलीत कुंकवाचा कणही येऊ देत नसत. “धूळ बसती त्याच्यावर,” म्हणायचे. पंख्यांची जाळी स्वतः काढून जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने पुसायचे, बाळाची टाळू पुसावी तशी. एकदा मी बघत उभा होतो तर म्हणाले, “हे बरंय. याला उलटं बोलता येत न्हाई.” तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत दिसला, की घरी या माणसाशी कोण कसं बोलत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. लगेच मी तो झटकला. उगाच कीव यायला लागली असती.

वजनकाट्यावर प्रज्ञा नावाची मुलगी होती, मंठ्याची. वडील नव्हते, घरात कमावणारी ती एकटी. आईची किडनी बिघडलेली आणि तिचा सगळा इलाज प्रज्ञाच्या कामगार विम्यावर चालू होता. नोकरी तुटली की विमा तुटणार आणि विमा तुटला की इलाज, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही.

एकदा केबिन आवरताना तिने एकाच वायरीची दोन्ही टोकं नेटवर्कच्या एकाच डब्यात खोचली. माहिती तिथल्या तिथे गोल फिरत राहिली, सरांच्या भाषेत लूप, आणि अख्खं नेटवर्क तुंबलं. असं झालं तर तेवढाच पोर्ट आपोआप बंद पडावा, अशीही सोय त्या मशीनमध्ये होती. ती सरांनी मुद्दाम चालू केलेली नव्हती. सगळं आपोआप झालं तर दारात कोण उभं राहणार? प्रज्ञा आली, “माझी, सर” म्हणाली आणि डोळे पुसत काट्यावर गेली. तेव्हा चूक खरंच तिची होती.

पाहुणे आले की सरांचा एक खेळ ठरलेला. “चालू मशीनचं मुख्य कार्ड काढून दाखवतो. कारखान्याला पत्ता बी लागत न्हाई,” असं म्हणून ते दोन्हीकडच्या खिट्ट्या उघडून कार्ड ओढून काढायचे. राखीव कार्ड कारभार घ्यायचं, दिवे लुकलुकायचे, पाहुणे माना डोलवायचे.

त्या दिवशी छोटे शेठ चार व्यापाऱ्यांना घेऊन आले होते. मी मशीनचा सुटा पंखा द्यायला गेलेलो, म्हणून आतच होतो. सकाळीच सरांनी मुख्य कार्डावर नवं सॉफ्टवेअर चढवलेलं, राखीव कार्डावर मात्र जुनंच होतं. दोन्हींचं जुळेपर्यंत राखीव कार्ड कारभार घेत नाही, हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं. त्याचा पिवळा दिवा मलाही दिसत होता. सर दिव्याकडे बघत नव्हते, छोट्या शेठकडे बघत होते.

मी “सर, तो पिवळा...” म्हणेपर्यंत कार्ड बाहेर येऊन टेबलावर पडलं होतं.

मशीनचे सगळे दिवे गेले. काटा बंद, ऑफिस बंद, गेटवर ट्रकांचे हॉर्न सुरू. छोट्या शेठनी नुसतं वळून बघितलं. आणि सर, आवाजात कंप नाही की काही नाही, म्हणाले, “काट्यावरून लूप आला. त्या पोरीनं मागं बी केल्तं असंच.”

प्रज्ञाला बोलावणं गेलं. ती धावत आली, दारातच थांबली.

“चूक कोणाची?” सर म्हणाले.

तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग टेबलाकडे. “सर, मी काट्यावरून उठलेच न्हाई,” ती म्हणाली. “हे टेबलावरचं कार्ड मंग कोणी काढलं?”

व्यापाऱ्यांपैकी एकाला खोकला आला. सर हसले, कार्ड उचलून परत खणात सरकवलं आणि म्हणाले, “आता तुम्ही शिकवा आम्हाला मॅडम.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या, सरांच्याच नेटवर्कवर चालणाऱ्या हजेरीच्या यंत्रावर तिचं बोट लागेना. तिने ओढणीला बोट पुसलं, परत ठेवलं. फुंकर मारली, परत ठेवलं. मागे रांग खोळंबली. वॉचमनला काही माहीत नव्हतं, तो बिचारा म्हणत होता, “ताई, दुसरं बोट लावून पहा.” तिने दहाही बोटं लावून पाहिली. सर वरच्या मजल्यावरच्या खिडकीत चहा पीत उभे होते.

मी तडक मॅनेजरकडे गेलो. जे पाहिलं ते सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. “मला सगळं माहितीय हो. छोट्या शेठना बी माहितीय. पण उद्या ते मशीन अडलं तर तुम्ही काय स्टोअरमधून माणूस काढून द्यान का?” प्रज्ञा कामावरून गेली ती गेलीच, हे मला तिथेच कळलं. त्यांनी चष्मा परत लावला.

त्यानंतर सर पुष्कळ वर्षं राहिले. पगार वाढला, स्वेटर नवा आला. मग एका सकाळी आलेच नाहीत. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत, असं कळलं. संभाजीनगरहून एक तरणा इंजिनिअर आला आणि दुपारपर्यंत त्याने सरांचा पासवर्ड बदलला. शोकसभा कँटीनमध्ये झाली. “कोणी दोन शब्द बोलणार का?” मॅनेजरांनी विचारलं. माणसं वाटाण्याच्या उसळीकडे बघत बसली.

मागच्या महिन्यात अंबडच्या पुढे जाताना वडीगोद्रीला चहाला थांबलो, तर हायवेच्या कडेला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात प्रज्ञा दिसली. दुकान तिचंच. अंगाने भरलेली, केसांत थोडं पांढरं. “काका, या, बसा,” म्हणून तिने स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला.

“आई कशी आहे?”

“आई गेली ना. नोकरी सुटल्यावर इलाज न्हाई झाला बराबर. लई हाल झाले तिचे, काका. शेवटी शेवटी मला वळखत न्हवती, पण दुखतंय ते कळत होतं.” ती स्क्रीनकडे बघत बोलत होती. मग तिने विचारलं, “सर हायत का अजून?”

“गेले.”

तिचे हात थांबले. “हाल झाले का?”

खोटं बोलावं असं फार वाटलं मला. जमलं नाही. “नाही,” मी म्हणालो. “झोपेतच गेले.”

“झोपेत?”

कुणीतरी तिच्या हातातून आणखी एक वस्तू काढून घ्यावी तसा तिचा चेहरा झाला. गिऱ्हाईक ताटकळलं होतं. त्याचे कागद तिने ओढून घेतले, आणि मी निघालो तेव्हा वर पाहिलं नाही.