शेळीने न खाल्लेलं झाड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — यजमानांनाही नाही. माझ्या वहीत सगळं असतं: लोणच्याला मीठ किती, पाहुण्यांना गाद्या किती, कुठल्या झाडाला पाणी कुठल्या वारी. एवढं एकच कधी लिहिलं नाही.

एक्याऐंशी साली यजमानांची बदली झाली आणि आम्ही सांगलीहून रत्नागिरीत आलो. घरामागच्या उतारावर एक झाड होतं. चकचकीत पानं, गोल केशरी फळं — संत्रंच की! मी पत्र्याची पाटी रंगवून त्याला लटकवली आणि शेजारच्या सुमतीकाकूंना दगडी गडग्यावरून ऐकवलं, "बघा, कोकणात संत्री पिकवते!" काकूंचे गुडघे दुखायचे, त्या उतारावर कधी उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "पिकव हो. पहिलं फळ माझं."

मग गवत कापायला पार्वती आली, आणि पाटी बघून कोयता टाकून हसत सुटली.

"वयनी, संत्रा कसला? काजरा हाय ह्यो! ईख! बी पोटात गेली तं मानूस जायाचा."

पानावरच्या तीन ठळक शिरा तिने दाखवल्या. फळ फोडून कोटाच्या बटणांसारख्या चपट्या बिया दाखवल्या. आणि पहिलं फळ मी कुणाला कबूल केलं होतं?

त्याच दुपारी झाड तोडलं, मुळं खणली, पडलेलं फळ न् फळ वेचून खोल पुरलं, हात साबणाने धुतले. पुढे चार महिने फुटवे उपटत राहिले. काम चोख — पण तोंड? पार्वतीला दोन कप चहा पाजून गप्प केलं. काकूंनी विचारलं तेव्हा... घाटावरची शहाणी काजऱ्याला पाणी घालत होती, असं सांगायचं? मी म्हटलं, "तुमच्या शेळीने साल सोलली. झाड गेलं."

काजऱ्याला शेळी तोंड लावत नाही म्हणे. मला हे तेव्हा कुठे ठाऊक?

काकूंनी त्या दिवसापासून शेळी बांधली. आणि ते गुडघे घेऊन एसटीने दापोलीला गेल्या, हापूसचं कलम मांडीवर धरून आल्या. "भरपाई गो!"

कलम झकास लागलं. गेली तीन वर्षं दर मे महिन्यात आम्ही दोघी पायरीवर बसून कोपरापर्यंत रस गाळत आंबे खातो. काकू दाव्याच्या शेळीला दटावतात, "बघ मेल्ये, तुझ्या जिभेपायी!" — आणि आम्ही पोट धरून हसतो. मीही हसते. अगदी मनापासून.

शेळीने काही केलं नव्हतं. मी खोटं बोलले.