झेंड्याची गाठ

घाटंजीच्या आमच्या कचेरीत पंधरा ऑगस्टला झेंडा बांधायचा तो निवृत्तीला आलेला कोलाम आदिवासी शिपाई. घडीत पाकळ्या ठेवून अशी गाठ मारायचा, की एका हिसक्यात सुटावी. नवे साहेब म्हणाले, यंदा जबाबदार माणसानं बांधावा. म्हणून मी, बडा बाबू, बांधला. साहेबांनी दोर ओढला, गाठ सुटेना. शेवटी शिपाईच अनवाणी खांबावर चढला आणि त्यानं ती सोडली. मग देशप्रेमावर भाषण मी केलं.

दुसऱ्या दिवशी झेंड्याच्या अपमानाची नोटीस निघाली, शिपायाच्या नावानं. गाठ कोणाची, हे साहेबांना ठाऊक होतं. नोटीस टाईप मीच केली.

नोटीस घेताना तो म्हणाला, "बाबूजी, इचारलं असतं तं शिकवली असती."

मी त्याला सही करायची जागा दाखवली.