टोपडी घालून पदवीदानाला

माझी नणंद मारेन जनावरांची डॉक्टर झाली आणि तिच्या पदवीदानाला आयोवाला जायचं ठरलं. तेव्हा आमच्या सासूबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर सात माणसांच्या कपड्यांसाठी कापडाचे तागे आणले.

"पदवीदानासाठी सगळ्यांना नवे कपडे?" मी विचारलं.

"छे गं. त्याला आहेत की आपले चर्चचे. हे नॉवूसाठी, आपल्या लोकांच्या जुन्या गावासाठी. इतक्या लांब जायचंच आहे, तर वाटेवरची आपली ठिकाणं न बघताच परत यायचं? हॅनाआजीला काय वाटेल?"

हॅनाआजी म्हणजे सासूबाईंच्या पणजीची आई. इंग्लंडातून बोटीने आली, आयोवात रेल्वेचे रूळ संपले तिथे उतरली, आणि तिथून एक हातगाडी ओढत, वायोमिंगच्या बर्फातून चालत यूटाला पोचली. वाटेत नवरा गेला, पायाची दोन बोटं गेली, श्रद्धा मात्र गेली नाही. हे मला तोंडपाठ आहे, कारण पोरांनी पानात भाजी टाकली, गाडीतला एसी बंद पडला किंवा कुणी नुसतं 'पाय दुखतात' म्हटलं, तरी सासूबाई ही गोष्ट काढतात. माझ्या पहिल्या बाळंतपणात मला कळा येत होत्या, तेव्हासुद्धा त्या उशाशी बसून त्या दोन बोटांबद्दल सांगत होत्या.

सासूबाईंचं नाव आर्डिस लॉरिट्झन. यूटातल्या आमच्या एफ्राइम गावात त्यांना ओळखत नाही असं घर नाही. कुणी गेलं की डोळे पुसायच्या आत सासूबाई चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन दारात हजर. या बटाट्यांना आमच्याकडे मयताचे बटाटेच म्हणतात. सोबत गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली. तळघरात वर्षभर पुरेल एवढा गहू, कारण संकट सांगून येत नाही आणि चर्चनेही तसंच सांगितलंय. सासरे, डेलमार, टर्क्या पाळतात. फार बोलत नाहीत. जे बोलतात ते टर्क्यांशी.

लग्नाआधी सासूबाई एक वर्ष कॉलेजात होत्या, जीवशास्त्राला. मग डेलमार चर्चच्या धर्मप्रचाराची, म्हणजे मिशनची, दोन वर्षं संपवून परत आले, लग्न झालं, पाठोपाठ माझा नवरा किंबल झाला आणि वह्यापुस्तकं माळ्यावर गेली. हे मला किंबलने सांगितलं. त्या स्वतः कधीच त्याबद्दल बोलल्या नाहीत.

तर, सात जणांचे जुन्या काळचे कपडे शिवून झाले. बायकांना लांब घागरे आणि टोपडी, पुरुषांना गॅलिसच्या पँटी आणि गवती हॅट. कडक इस्त्री करून त्यांनी ते सगळे व्हॅनच्या आत, मागच्या सीटवर झोपवले.

"आई, ते टपावर टाकू ना. पोरं कुठे बसणार?" किंबल म्हणाला.

"टपावर वारा असतो. मी आठ आठवडे शिवलंय ते. टपावर चर्चचे कपडे टाक. ते दुकानातले आहेत."

म्हणून सूट, टाय, आमचे चांगले झगे आणि बदलायचे बाकी कपडे टपावर गेले. वर ताडपत्री आली. डेलमारनी गवताच्या गासड्या बांधायच्या दोरीने सगळं करकचून बांधलं, आणि आम्ही निघालो. पोरं मागे चोळामोळा होऊन बसली, आणि टोपड्यांना मात्र ऐसपैस जागा.

दुसऱ्या दिवशी वायोमिंगात मार्टिन्स कोव्हला पोचलो. हातगाडीवाल्यांचा तांडा बर्फात अडकला होता, ती ही जागा. मे महिना होता तरी वारा असा, की उभं राहायला कुणाला तरी धरावं लागत होतं. तिथे सेवेला असलेलं एक वयस्कर जोडपं पाहुण्यांना ओढायला खरीखुरी हातगाडी देतं. त्यातल्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, पुढे चिखल आहे हं. आज नका नेऊ."

"हॅनाआजीला कुणी म्हणालं होतं का, आज नका नेऊ?" सासूबाईंनी दांडा हातात घेतलाच.

अर्धा मैल बरं चाललं. मग धाकटी दोघं गाडीत चढून बसली. मग त्यांच्यापाठोपाठ डेलमारही बसले.

"डेलमार! उतर खाली!"

"मी हॅनाआजीचा नवरा आहे. मी वारलो," डेलमार म्हणाले, आणि त्यांनी हॅट तोंडावर ओढून घेतली.

नऊ वर्षांची आमची टेसा इतकी हसली की तिने धरलेली बाजू सुटली. गाडी कलंडली, डेलमार चिखलात, त्यांना धरायला गेलेला किंबल चिखलात, आणि दांडा न सोडणाऱ्या सासूबाईही बसल्या तशाच चिखलात. सगळ्यांच्याच अंगावरच्या जीन्स ओळखू येईनात. मी हसू दाबत त्यांना हात दिला.

"हस, हस," त्या म्हणाल्या. "तिचे पाय गोठले होते आणि माझे नुसते भिजलेत. मला बोलायला तोंड नाही." आणि त्याही हसायला लागल्या.

नेब्रास्कात टपावर फडफड सुरू झाली. मी म्हटलं, "बाबा, जरा थांबून बघायचं का?"

"ताडपत्री आहे. फडफडणारच."

तासाभराने फडफड थांबली. "बघ," डेलमार म्हणाले, "आपली आपण थांबली."

आयोवातल्या मोटेलवर पोचलो तेव्हा पोरं पेंगत होती. रात्रीच्या कपड्यांची पिशवी तेवढी आत घेतली आणि झोपलो. सकाळी किंबल सूट आणायला बाहेर गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"आई, टपावर काही नाहीये."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे दोरी आहे."

सासूबाई पलंगावर बसल्या. डेलमारनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि ज्या एका शब्दाने ते फक्त टर्क्यांना हाक मारतात, तो शब्द उच्चारला. त्याबद्दल त्यांना कुणी काही बोललं नाही.

समारंभ तासाभरावर आला होता आणि दुकानं अजून उघडायची होती. जीन्स चिखलाने काठीसारख्या ताठ झाल्या होत्या. उरले रात्रीचे पायजमे, आणि मागच्या सीटवरचे ते इस्त्रीचे कपडे. शेवटी टेसा म्हणाली, "आजी, टोपडी आहेत की."

"पदवीदानाला?" किंबल ओरडला. "आई, मारेन आपल्याला ओळख दाखवणार नाही. मीच दाखवणार नाही!"

सासूबाई उठल्या. "माझ्या मुलीच्या पदवीदानाला मी पायजम्यात जाणार नाही आणि चिखलातही जाणार नाही. हे कपडे स्वच्छ आहेत, अंगभर आहेत आणि मी शिवलेत. चला, घाला."

सभागृहाबाहेर गाडी लावली. शेजारच्या ट्रकमधून एक शेतकरी उतरला आणि आम्हाला बघून त्याने अदबीने टोपी काढली. त्या भागात आमिश लोकांची वस्ती पुष्कळ. ते अजून घोडागाडीतून फिरतात आणि असेच कपडे घालतात.

"लांबून आलात वाटतं," तो म्हणाला. "घोडे कुठे बांधलेत? सावली मागच्या बाजूला आहे."

"आम्ही आमिश नाही," सासूबाई म्हणाल्या. मग आमच्या चर्चचं पूर्ण नाव, जे एका दमात म्हणायला छाती लागते, ते त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं.

शेतकऱ्याने थोडा विचार केला. "म्हणजे मॉर्मन."

"तसं म्हणत नाहीत आता."

पूर्वी आमच्यात एकाला अनेक बायका असत, ते बाहेरचे लोक अजून विसरलेले नाहीत. त्याने मग सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डेलमारना हळूच विचारलं, "या दोघीही तुमच्याच का?"

"ही सून आहे," डेलमार म्हणाले. "बायको एकच. माझ्याने तीच आवरत नाही."

आम्ही एका ओळीत आत शिरलो. आजूबाजूचे लोक सरकून जागा देत होते, जरा जास्तच. स्टेजवर काळ्या झग्यांत मुलंमुली बसली होती. मारेनची नजर आमच्यावर पडली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसतेय की रडतेय ते लांबून कळेना.

त्या कॉलेजची एक पद्धत होती. नव्या डॉक्टरच्या खांद्यावर राखाडी काठाचं एक वस्त्र घालतात, आणि ते कुणी घालायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. बहुतेकांनी आपल्या प्राध्यापकांना बोलावलं होतं. मारेनचं नाव पुकारलं आणि मागोमाग आवाज आला, "आणि वस्त्र घालायला, आर्डिस लॉरिट्झन."

सासूबाई हलल्याच नाहीत. "कुणाचं नाव घेतलं त्याने?"

"तुमचंच, आई! जा ना!" मी म्हटलं.

"या टोपड्यात?"

डेलमारनी त्यांच्या कोपराला धरून उभं केलं. "आर्डिस, आपली पोर वाट बघतेय."

घागरा दोन्ही हातांनी उचलून त्या पायऱ्या चढल्या. अख्खं सभागृह टाचा उंचावून बघत होतं. मारेन त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून ती वाकली. सासूबाईंनी ते वस्त्र तिच्या डोक्यावरून घातलं, पण उलटं. मग फिरवायला गेल्या तर त्याचं टोक टोपड्याच्या बंदात अडकलं, आणि दोघी कपाळाला कपाळ लावून तशाच अडकून बसल्या. मारेन काहीतरी म्हणाली, सासूबाई काहीतरी म्हणाल्या, आणि दोघी इतक्या खदाखदा हसल्या की समोरचा माइक गरजला. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तो ट्रकवाला शेतकरी तर उभाच राहिला. माझ्या शेजारी डेलमार हॅटच्या काठाने डोळे पुसत होते.

नंतर सगळे मारेनच्या खोलीवर गेलो. सासूबाईंनी शीतपेटीतून बटाट्यांचं भांडं काढलं. एफ्राइमहून आणलं होतं, समारंभ असला तरी बटाटे तेच. गरम करायला कढई शोधत त्यांनी खालचं कपाट उघडलं, आणि त्यात कॉफीचं मशीन.

आमच्याकडे कॉफी वर्ज्य. चहा, दारूही. मारेनचा चेहरा पांढरा पडला. किंबल एकाएकी खिडकीबाहेरच्या झाडात फार रस घेऊन बघायला लागला.

"आई, ते..." मारेन म्हणाली.

सासूबाईंनी मशीन बाहेर काढलं, झाकण उघडलं, आत बघितलं. "केवढा क्षार साठलाय यात. धूत नाहीस कधी? व्हिनेगर आहे का घरात?"

"आहे. पण आई, ती कॉफी..."

"मला काय माहीत कॉफी कशी दिसते? मी आयुष्यात प्यायले नाहीये." त्यांनी बाह्या वर केल्या आणि व्हिनेगर ओतून ते मशीन नव्यासारखं होईपर्यंत घासलं. मग पुसून ते ओट्यावर ठेवलं. कपाटात नाही. मारेन तिथेच उभी राहून बघत होती. मग तिने मागून आईच्या गळ्यात हात टाकले.

आमच्यात रविवारी प्रवास नाही, खरेदी नाही. सोमवारी मारेनला घेऊन नॉवूला गेलो. मिसिसिपीच्या काठी आमच्या लोकांनी वसवलेलं आणि मग सोडून जावं लागलेलं ते गाव. नदीकडे उतरणाऱ्या त्या रस्त्यावर घागरे घालून फोटो काढायचा, एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता. पण सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. तुम्ही घाला हवं तर. मी जरा बसते." पोरांनी कपडे घातले. आम्ही मोठे मोटेलच्या मशीनमध्ये धुतलेल्या जीन्समध्येच राहिलो.

काठावर त्या दोघी बसल्या होत्या. मी मागे धाकट्याच्या बुटाची नाडी बांधत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मी इकडे आयोवातच नोकरी धरलीय, आई," मारेन म्हणाली. "डुकरांच्या फार्मवर. तुला वाटत होतं मी घरी येईन, टर्क्या बघेन. माहितीये मला."

सासूबाईंनी काठावरचा एक खडा उचलला. "आपली सगळी माणसं मरत मरत इथून पश्चिमेला गेली," त्या म्हणाल्या. "आणि तू एकटी उलटी आलीस. डुकरांसाठी."

"हो."

"आवडतात तुला?"

"खूप."

"मलाही बेडूक आवडायचे. कापायला. वर्गात माझ्याइतकं नीट कुणाला जमायचं नाही." त्यांनी तो खडा पाण्यात टाकला. "कॉलेज सोडलं तेव्हा मी टर्क्यांच्या शेडमध्ये जाऊन रडले होते. डेलमारला वाटलं, टर्क्यांना भ्याले. मीही तसंच सांगितलं."

"आई! तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? मग किंबल झाला. तो बेडकापेक्षा बरा होता. थोडासा."

परतीच्या प्रवासात त्या पुढच्या सीटवर बसून शांतपणे शेंगदाणे खात होत्या. मला वाटलं, मनात कुढताहेत. पण तसं काही नव्हतं.

आता दर रविवारी संध्याकाळी मारेनचा फोन येतो आणि तासभर डुकरांवर चर्चा चालते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने उभं राहून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची असते. गेल्या महिन्यात सासूबाई उठल्या. आडव्या आलेल्या पिलामुळे अडलेल्या एका डुकरिणीला मारेनने कोपरापर्यंत हात घालून कसं सोडवलं, हे त्यांनी भर सभेत, हाताने दाखवत, बारकाव्यांसकट सांगितलं. बिशपनी दोनदा घड्याळ बघितलं. पुढच्या बाकावरची एक नवी नवरी बाहेर निघून गेली. डेलमार मान खाली घालून बुटांकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

"बारा पिलं," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "बाराही जगली. देव आयोवातसुद्धा आहे, याची मला खात्री आहे. आमेन."